किती वाजता, कुठल्या फाट्यावर

वेंगुर्ला रस्त्याला घर असले की सायरनची दिशा कळायला लागते. बेळगावकडे जाणारी गाडी म्हणजे पेशंट आत आहे. बाचीकडे पळणारी म्हणजे कुणीतरी अजून दारात उभे राहून वाट बघत आहे. सुळगा, उचगाव, तुरमुरी, बाची आणि हद्दीपलीकडचे शिनोळी, पाटणे फाटा, चंदगड या साऱ्या पट्ट्यातला माणूस बेळगावच्या सिव्हिल किंवा केएलई दवाखान्यात न्यायचा तर वाट हिंडलग्यावरूनच. या गाड्या कधी जास्त धावतात, कुठे अडतात, कुठे पोचतच नाहीत, हे बघत आणि विचारत गेलो, त्याची ही टिपणे. क्रम लावलेला नाही.

*

एकशे आठ हा रुग्णवाहिकेचा नंबर हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ ला सुरू झाला. गोव्यात २००८ मध्ये आला. कर्नाटकात १ नोव्हेंबर २००८ ला, 'आरोग्य कवच' या नावाने. आमच्याकडे १ नोव्हेंबर म्हणजे काळा दिन, सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाच्या मूक फेरीचा दिवस. त्याच तारखेला सुरू झालेली ही गाडी सीमाभागातल्या मराठी घरांच्या दाराशीही तितक्याच वेगाने आली, हे लिहून ठेवायला हवे. महाराष्ट्रात एकशे आठ २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली. म्हणजे बाचीत फोन केला तर गाडी मिळायची आणि समोरच्या शिनोळीत नाही, अशी पाच वर्षे गेली. त्या काळात शिनोळीकडच्या बाळंतिणी वडापच्या ट्रॅक्समधून आणि दुधाच्या टेम्पोतून बेळगावला आल्या.

*

सरकारी मोजमाप असे: एक लाख लोकसंख्येमागे एक साधी रुग्णवाहिका, पाच लाखांमागे एक व्हेंटिलेटरसह सगळी सोय असलेली. महाराष्ट्राने सुरुवातीला ९३७ गाड्या घेतल्या, त्यातल्या २३३ मोठ्या आणि ७०४ साध्या. २०११ च्या जनगणनेचा आकडा धरला तर सुमारे १ लाख २० हजार माणसांमागे एक गाडी होते.

माणसांमागे गाड्या मोजण्यात काय सुटते, हे बेळगाव जिल्ह्यावर हिशेब घालून बघावे. जिल्ह्याची लोकसंख्या २०११ ला ४७ लाख ७९ हजार, क्षेत्रफळ १३,४१५ चौरस किलोमीटर. लाखामागे एक धरली तर ४८ गाड्या. प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे २८० चौरस किलोमीटर. आता बेंगळूर शहर जिल्हा घ्या: ९६ लाख माणसे, सुमारे २,१९० चौरस किलोमीटर, ९६ गाड्या. प्रत्येकीच्या वाट्याला २३. गाडी मध्यावर उभी आहे असे मानले, तर बेंगळुरात टोकाचे घर पावणेतीन किलोमीटरवर येते, बेळगाव जिल्ह्यात साडेनऊ किलोमीटरवर. हे सरळ रेषेत. खानापूरच्या जंगलात सरळ रेषेतला रस्ता कुठला? नियम एकच, न्यायही वरवर एकच, आणि तरी एका बाळंतिणीला साडेतीनपट अंतर. मला वाटते माणसांमागे गाड्या मोजणे बंद करावे आणि घरापासूनची मिनिटे मोजावीत.

*

एकशे आठच्या ड्रायव्हरला 'पायलट' म्हणतात. मागे पेशंटजवळ बसून तातडीचे उपचार करतो तो ईएमटी. कॉल नसताना चहाच्या गाड्यावर भेटलेल्या एका पायलटला विचारले, "दिवसात जास्त कॉल कधी असतात ओ?" तो म्हणाला, "काका, त्याला काय ठरलेलंच आहे की. सकाळी छाती, दुपारी शेत, सांजेला रस्ता, पहाटे बाळंतपण."

ह्या चार शब्दांच्या वेळापत्रकावर मी नंतर बराच विचार केला. ते बहुतेक बरोबर आहे. हृदयविकाराचे झटके सकाळच्या पहिल्या काही तासांत जास्त येतात हे १९८५ च्या सुमारास अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आकड्यांनी दाखवले आणि पुढे अनेक देशांत तसेच आढळले. जागे होताना रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. रस्ते अपघातांच्या केंद्र सरकारच्या वार्षिक अहवालात संध्याकाळी ६ ते ९ ही वेळ वर्षानुवर्षे सगळ्यात वाईट असते. आपोआप सुरू होणाऱ्या कळा रात्री उशिरा आणि पहाटे जास्त. दुपारचे शेत म्हणजे औषध फवारणारा, विळा लागलेला, उन्हाने पडलेला.

एक फोन कधी येईल हे कुणीही सांगू शकत नाही. महिनाभराचे फोन मात्र कुठल्या तासाला आणि कुठल्या रस्त्याला येतील हे पुष्कळ आधी सांगता येते. मग गाडी चोवीस तास एकाच दवाखान्याच्या आवारात का उभी करायची? संध्याकाळी सहाला ती फाट्यावर असावी, पहाटे आतल्या गावांच्या जवळ.

*

सकाळच्या छातीबद्दल आणखी थोडे. कर्नाटकाने २०२३ मध्ये अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावाने 'हृदयज्योती' योजना सुरू केली. तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी काढायचा, तो मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरांनी लगेच बघायचा, आणि गुठळी असेल तर ती विरघळवणारे टेनेक्टेप्लेज हे महागडे इंजेक्शन तिथेच फुकट द्यायचे. याने गाडीचे कामच बदलते. आधी शहर गाठेपर्यंत धावायचे होते, आता पहिल्या ईसीजीपर्यंत. घरच्यांना मात्र हे माहीत नसते. "तालुक्यात काय आहे, सरळ बेळगावलाच घेऊन चला" असा आग्रह होतो, आणि सगळ्यात मोलाची मिनिटे वाटेत जातात.

*

भारतात एकशे आठच्या कॉलमध्ये सगळ्यात मोठा वाटा बाळंतपणाचा राहिला आहे. अपघात त्याच्यानंतर. गाडीला आपण अपघाताच्या चित्राने ओळखतो, पण ती खरी धावते ती बायकांसाठी. १ जून २०११ ला जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला आणि घर ते दवाखाना, दवाखाना ते घर प्रवास फुकट झाला. कर्नाटकात परत घरी सोडणारी 'नगू-मगू' गाडी त्याचाच भाग. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आवरला नाही तर दोन तासांत बाई जाते. म्हणून बाळंतपणाच्या कॉलला 'साधा कॉल' म्हणणाऱ्या माणसाशी मी भांडतो.

आशाताईंच्या वहीत प्रत्येक गरोदर बाईची तारीख असते. पुढच्या महिन्यात कुठल्या गल्लीत गाडी लागणार याची यादी आधीच लिहिलेली आहे. ती वही आणि गाडी ठेवण्याची जागा ठरवणारा अधिकारी यांची भेट घडवावी, एवढेच मागणे.

*

पौर्णिमेला कॉल वाढतात, अशी समजूत दवाखान्यांत जगभर आहे. जन्म आणि अपघात यांच्या आकड्यांत चंद्राचा परिणाम शोधणाऱ्यांच्या हाती काही लागलेले नाही. आमच्या जिल्ह्यात मात्र पौर्णिमा खरोखर मोजायला हवी, आणि कारण रस्त्यावरचे आहे. मार्गशीर्ष, पौष आणि माघ पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर लाखो माणसे लोटतात. कोल्हापूर, गडहिंग्लज, कागल, निपाणीकडून ट्रक, ट्रॅक्टर आणि क्रूझर भरून येतात, रात्रभर जागून परत फिरतात. पहाटे डोळा लागलेला ड्रायव्हर आणि मागे पंधरा-वीस माणसे. तारखा पंचांगात छापलेल्या आहेत.

तसेच बेळगावच्या गणपती विसर्जनाचे आणि शिवजयंतीच्या चित्ररथांचे. विसर्जन मिरवणूक चोवीस तास ओलांडते. तेवढा वेळ शहराचा मधला भाग गाडीसाठी नसल्यासारखाच असतो. त्या रात्री हिंडलग्याकडच्या पेशंटला कुठल्या वाटेने काढायचे हे आधी ठरवून पायलटच्या हातात दिलेले असावे. मंडळांचे कार्यकर्ते सायरन ऐकला की दोर धरून वाट करतात, हे मी बघितले आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण वाट करायला गर्दीत गाडी शिरावीच लागू नये.

*

निपाणीची गोष्ट वेगळी. तिथे मागणी महामार्गाची आणि उसाची. नोव्हेंबर ते मार्च गाळपाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. रात्री मोटारसायकलवरून येणाऱ्याला ती ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. तवंदी घाटाचा उतार आहेच. राष्ट्रीय महामार्गावर एकशे आठखेरीज १०३३ हा महामार्ग प्राधिकरणाचा नंबर आहे. टोलनाक्याची गाडी त्यावर येते. निपाणी-चिकोडीकडे तो पाठ असलेले लोक मला फार थोडे भेटले.

कारखाने चिमण्या पेटवतात त्या दिवसापासून महामार्गालगत एक गाडी रात्रीपुरती जादा ठेवावी, आणि ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावल्याशिवाय वजनकाट्यावर घेऊ नये. दुसरे केले तर पहिल्याची गरज कमी होईल.

*

पावसाळा. इकडे धूळवाफ पेरणी मेच्या अखेरीस सुरू होते, मग कोळपण, भांगलण. भाताच्या बांधावर घोणस, घरात जमिनीवर झोपलेल्याला मण्यार. मण्यारचा दंश बहुधा दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आणि घरचे अपचन समजून ओवा देतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची केली. नोंद झाली की कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात हे दिसेल, आणि प्रतिविष तिथे आधी पोचवता येईल. सापावरचे हे औषध गाडी येण्याच्या दिशेला असावे, पेशंटला त्याच्यापासून लांब नेण्यात रात्र जाऊ नये.

पावसातच रस्ते तुटतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि निपाणी-कोल्हापूर वाट बंद झाली. आमच्याकडे मार्कंडेय फुगली की आंबेवाडी-मण्णूरकडचे लोक पाणी बघूनच बाहेर पडतात. अशा दिवसांत एका गाडीने पेशंट पाण्यापर्यंत आणायचा आणि पलीकडे दुसरी उभी ठेवायची, हा शहाणपणा पूरग्रस्त गावांना ठाऊक आहे. तो कागदावर यायला हवा.

*

मागणीचे आकडे बघताना एक मोठी फसगत होते. फोन आला तर मागणी. फोन आला नाही तर मागणी नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या आमगावहून एका आजारी बाईला गावकऱ्यांनी लाकडाच्या चौकटीवर घालून, चिखलातून आणि ओढ्यांतून, खांद्यावर रस्त्यापर्यंत आणले. त्याची छायाचित्रे सगळीकडे गेली. भीमगडच्या जंगलातल्या या वस्त्यांत मोबाइलला रेंज नाही, पावसात गाडीला वाट नाही. अशा गावाचा कॉल आलेखावर शून्य दिसतो. आलेख वाचणारा म्हणेल, इथे गरज कमी आहे, गाडी दुसरीकडे हलवा. मग गाडी आणखी लांब जाते आणि लोक फोन करायचेच सोडतात. शून्य कॉलचे गाव यादीत सगळ्यात वर घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

जवळच्या गावांतही हे थोडे घडते. शेजाऱ्याची ओम्नी दारात उभी असताना फोन करून पत्ता सांगत बसायला कुणाला धीर नसतो. माझ्या गल्लीतली कितीतरी माणसे अशीच गेली, पोचली, वाचली. कुठल्याही वहीत त्यांचा कॉल नाही. हिंडलग्यात तुरुंग आहे, पलीकडे कॅम्पात लष्कर आहे. त्यांच्या गाड्या आणि त्यांचे दवाखाने त्यांच्या नोंदीत. एकशे आठच्या आकड्यात दिसते ती एकूण गरजेतली एक फोड.

*

बेंगळुरातल्या केंद्रावर फोन उचलला जातो.

"सुळग्यातनं बोलालोय ओ, लगेच गाडी पाठवा की."

कुठल्या सुळग्यातून? एक सुळगा हिंडलग्याच्या पुढे, वेंगुर्ला रस्त्यावर. दुसरा येळ्ळूरकडे. एक बेळगावच्या पश्चिमेला, एक दक्षिणेला. इकडे सगळे 'सुळगा (हिं.)' आणि 'सुळगा (ये.)' असे लिहितात, पण घाबरलेला माणूस कंसासकट बोलत नाही. कंग्राळीही दोन, बुद्रुक आणि खुर्द. त्यात फोन करणारा मराठी, उचलणारा कन्नड, दोघेही घाईत. मोबाइलवरून जागा कळते म्हणतात; हद्दीवर मात्र फोन समोरच्या राज्याचा टॉवर पकडू शकतो आणि हाक पुण्याच्या केंद्रात उमटते. मग तिथून इकडचा कॉल तिकडे द्यायचा.

गाव, तालुका, जिल्हा, मग रस्ता आणि ठळक खूण, या क्रमाने सांगावे. "तालुका बेळगाव, सुळगा, वेंगुर्ला रोड, हिंडलग्याच्या पुढं." नंतर माणूस शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का. फोन ठेवायचा नाही आणि नंबर बिझी ठेवायचा नाही, पायलट परत फोन करतो. एकाने फाट्यावर उभे राहायचे, रात्री हातात बॅटरी. गावात शिरताना होणारी चुकामूक एवढ्याने टळते. शाळेत सातवीच्या पोरांना हे पाठ करायला लावले तर घरोघरी पोचेल.

*

डेन्मार्कच्या ए. के. एर्लांग नावाच्या गणितज्ञाने कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एक प्रश्न सोडवला: एक्स्चेंजमध्ये किती लाइनी असल्या तर किती गिऱ्हाइकांना 'बिझी' ऐकावे लागेल? त्याचा पहिला लेख १९०९ चा, पुढचे सूत्र १९१७ चे. रुग्णवाहिकेचा प्रश्न तोच आहे. गाडी बाहेर असताना दुसरा कॉल आला तर?

हिशेबापुरते समजा, बाचीच्या अलीकडे कर्नाटकाची एक गाडी आहे आणि शिनोळीच्या पलीकडे महाराष्ट्राची एक. प्रत्येकीला दिवसाला सरासरी ६ कॉल. एका कॉलला जाणे, उचलणे, दवाखान्यात सोपवणे आणि जागेवर परतणे मिळून दीड तास. दोघींनी आपापल्याच हद्दीत काम केले, तर सूत्र सांगते की १०० पैकी २७ कॉल येतात तेव्हा गाडी जागेवर नसते. आता त्याच दोन गाड्यांनी दोन्ही बाजूंचे कॉल मिळून घेतले, तर १०० पैकी १४. नवी गाडी घेतली नाही, माणूस वाढवला नाही. हद्दीची रेघ तेवढ्यापुरती बाजूला ठेवली, आणि रिकाम्या हाताने परतणारे कॉल निम्म्यावर आले.

आज पहिली गाडी बाहेर असेल तर त्याच राज्याची पुढची येते. आमच्या पट्ट्यात ती पुढची गाडी बेळगाव शहराच्या बाजूने, मधली सगळी गर्दी कापत येणार. समोरची, शेजारची, रिकामी असली तरी दुसऱ्या राज्याची.

सीमाप्रश्नाबद्दल माझे मत ठाम आहे, हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकासमोर मी दर १ जूनला मान झुकवतो, आणि तरीही, किंवा म्हणूनच, लिहितो: दोन आरोग्य खात्यांनी एवढा एक करार करावा. वादाच्या निकालाला त्याने काही बाधत नाही.

*

हद्द बंद झाली की काय होते हे मार्च २०२० मध्ये दिसले. कर्नाटकाने केरळच्या हद्दीवर तलपाडीला रस्ता अडवला. कासरगोडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मंगळुरूच्या दवाखान्यांवर अवलंबून. त्यांच्या रुग्णवाहिका परत फिरवल्या गेल्या, काही पेशंट दगावले. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात, मग सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि एप्रिलमध्ये पेशंट सोडण्याची पद्धत ठरली. चंदगड बेळगावला तसेच बांधलेले आहे. सरकारी साखळी सांगते चंदगड, मग गडहिंग्लज, मग कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय. पाय सांगतात बेळगाव, कारण ते निम्म्याहून जवळ आहे. तलपाडीला भांडणानंतर जे ठरले ते बाची-शिनोळीला आणि महामार्गाच्या हद्दीवरच्या कोगनोळीला शांततेच्या दिवसांत ठरवून ठेवावे.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना देऊ केली, कर्नाटकाने विरोध केला, त्यावर दोन्हीकडे खूप बोलले गेले. उपचाराचे बिल कोण भरणार हा प्रश्न मोठाच आहे. पण त्या साऱ्या बोलण्यात दवाखान्यापर्यंत आणणार कोण, हे मी कुणाच्या तोंडून ऐकले नाही.

*

सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळुरातल्या एकशे आठच्या केंद्रात तांत्रिक बिघाड झाला आणि राज्यभर कॉल अडकले. गाड्या होत्या, पायलट होते, डिझेल होते. त्यांना सांगणारा मधला दुवा तुटला. तेव्हापासून माझ्या घरी भिंतीवर ११२ हा आणीबाणीचा नंबर आणि जवळच्या दवाखान्याचा थेट नंबरही लिहिलेला आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तो असावा.

*

हृदय बंद पडले तर मेंदूला चार ते सहा मिनिटे. इतक्या वेळात गाडी जगात कुठेच भरवशाने येत नाही. छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात, मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच सेंटिमीटर खोल, गाडी येईपर्यंत थांबायचे नाही. हे अर्ध्या दिवसात शिकता येते.

अपघातात लोक अजून पोलिसांच्या भीतीने हात लावत नाहीत. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा देशात सर्वांत आधी कर्नाटकाने केला. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला आलेले कलम १३४-अ देशभर लागू आहे: मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई नाही, नाव सांगण्याची सक्ती नाही. त्याच दुरुस्तीने रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला १० हजारांचा दंड ठेवला. आणि मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. त्यात जखमी कुठल्या राज्याचा हे विचारायचे नाही.

उचगाव फाट्यावरचे रिक्षावाले, पानवाले, गॅरेजवाले, पहिले तिथे पोचतात ते हेच लोक. प्रशिक्षण द्यायचे तर सुरुवात त्यांच्यापासून करावी, मंडळांच्या पोरांना गणपतीआधी घ्यावे, आणि ऊस सुरू व्हायच्या आत निपाणीकडच्या ट्रॅक्टरवाल्यांना.